उजनीचा गाळ आणि देवबागचा दांडा

सोलापूरच्या माणसाने समुद्रावर लिहायचं म्हणजे लोक हसणारच. आमच्याकडे पाणी म्हणलं की उजनी धरण, आणि उजनी म्हणलं की साठा प्लसमध्ये आहे का मायनसमध्ये, संपला विषय. गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर, पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि तोही त्याच्या मनात आलं तर. तरी मला गेली काही वर्षं किनाऱ्याचं वेड लागलंय. जमेल तेव्हा मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, डिकीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी (आमच्यात निम्मी मंडळी मासे खात नाहीत, त्यांचे तिकडे फार हाल होतात), आणि पुळणीवर पोचलो की घरचे पाण्यात आणि मी खडकांत. बायको म्हणते, "अहो, दगडच बघायचे तर इतक्या लांब कशाला यायचं, आपल्याकडे काय कमी आहेत का?"

आता खरं सांगायचं तर दगड तोच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं, त्यातलाच बेसॉल्ट सोलापूरच्या काळ्या रानाखाली आहे आणि हरिहरेश्वरच्या लाटांखाली पण. आपल्याकडे त्याला ऊन, वारा आणि थोडंसं पाणी झिजवतं, म्हणून हजारो वर्षांत त्याची काळी माती झाली आणि आपण त्यात ज्वारी पेरली. तिकडे तोच दगड दिवसातून दोनदा बुडतो, दोनदा उघडा पडतो, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याला नुसता मार बसतो. एकाच आईची दोन लेकरं, एक कोरडवाहूत आणि एक पाण्यात.

हरिहरेश्वरला देवळामागे प्रदक्षिणेचा मार्ग आहे, पायऱ्या उतरून दोन कड्यांच्या फटीतून खाली समुद्राशी जायचं आणि कड्याला वळसा घालून यायचं. ओहोटी असेल तरच. भरतीला तिकडे जाऊ नका म्हणून पाट्या आहेत, त्या वाचा, कारण पाणी कधी गुडघ्यावर आलं ते खरंच कळत नाही. ही जागा म्हणजे भूगोलाचं पुस्तक उघडं टाकलंय. पायाखाली जवळजवळ सपाट खडक लांबपर्यंत गेलेला, शाळेत ज्याला तरंगघर्षित मंच म्हणायचे तो. शाळेत असताना ह्या शब्दाने मला नुसता घाम फुटायचा, पाठ करायचा आणि दोन मार्क घ्यायचे. तिथे उभं राहिल्यावर कळतं की पूर्वी कडा इथवर होता आणि आता मागे सरकलाय, आपण उभे आहोत ती कड्याची राहिलेली जागा आहे.

कडा मागे कसा सरकतो ते पण तिथेच दिसतं. लाट आपटते तेव्हा नुसतं पाणी आपटत नाही, खडकाच्या भेगेत अडकलेली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की ती फाटकन सुटते, असं दिवसरात्र चालू, भेग रुंदावत जाते. शिवाय लाटेत खडे, वाळू, गोटे असतात, ते कड्याच्या पायथ्याला घासत राहतात. मग पायथ्याशी एक आडवी खाच पडते, ती आत आत जाते, वरचा भाग लोंबकळत राहतो आणि एक दिवस खाली येतो. पडलेले तुकडे परत लाटेच्या हातात, म्हणजे दगड फोडायला दगडच. गंमत अशी की मंच जितका रुंद होतो तितकी लाट त्याच्यावरून घसटत येता येता दमते, आणि कड्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यात दम राहत नाही. स्वतःच्याच कामाने समुद्र स्वतःला आवरतो. पाणी वर चढलं तर मात्र हा हिशोब बिघडतो, आणि सध्या पाणी चढतंयच.

मी जास्त वेळ घालवतो ते त्या जाळीदार दगडापाशी. कड्याच्या अंगावर भोकंच भोकं, काही बोट जाईल एवढी, काही मूठ जाईल एवढी, मधल्या भिंती कागदाएवढ्या पातळ आणि तरी शाबूत. हे लाटेने केलेलं नाही, हे मिठाने केलंय. तुषार उडतात, खडकाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं, ऊन लागलं की पाणी जातं आणि मिठाचे खडे तयार होतात, खडे फुगतात, कण कण सुटतो. भोकात बोट घालून फिरवलं की बोटाला भुगा लागतो, चाखून बघितला तर खारट. (चाखून बघितलाच मी, उगाच सभ्यपणा कशाला दाखवू.) थोडं पुढे मंचावर गोल खड्डे आहेत, आत गुळगुळीत गोटे, लाट आली की ते गोटे खड्ड्यात गरगर फिरतात आणि खड्डा खोल करतात. नीट कान दिला तर खडखड ऐकू येते.

गुहा, कमान, स्तंभ ही पुढची पायरी. समुद्रात घुसलेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी गुहा पडल्या आणि आरपार भेटल्या की कमान होते, कमानीचं छत पडलं की समुद्रात एकटा खांब उरतो, आणि खांब पण काही अमरपट्टा घेऊन आलेला नसतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 'लंडन ब्रिज' नावाची चुनखडकाची दोन कमानींची रचना होती, 15 जानेवारी 1990 ला तिची किनाऱ्याकडची कमान पडली आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, शेवटी हेलिकॉप्टरने काढलं त्यांना. पडायच्या जरा आधीच ते त्यावरून चालत गेलेले. त्यांनी नंतर कुठला नवस फेडला देव जाणे. आपला बेसॉल्ट चुनखडकापेक्षा कडक, त्यामुळे तो इतक्या पटकन दगा देत नाही, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर जांभा आहे, भोकाभोकांचा, त्याचे कडे मोठमोठ्या चिऱ्यांनी खाली येतात. कड्याच्या टोकावर उभं राहून सेल्फी काढणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. समुद्र एकच, मग तो एका ठिकाणी दगड फोडतो आणि शेजारीच वाळू आणून टाकतो, असं का? उत्तर लाटेच्या वळण्यात आहे. लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो. पुढे आलेल्या टोकासमोर पाणी आधी उथळ होतं, म्हणून तिथला लाटेचा भाग आधी मंदावतो, बाजूचा भाग तसाच पुढे पळतो, आणि सगळी लाट वाकून टोकाला तिन्ही बाजूंनी घेरते. सगळा जोर टोकावर. आतल्या खोलगट भागात तीच लाट पांगते, तिचा जोर वाटला जातो, आणि जोर कमी झाला की हातातलं सामान टाकलं जातं. म्हणून रत्नदुर्ग, विजयदुर्ग असले किल्ले खडकाळ टोकांवर आहेत आणि भाट्ये, गणपतीपुळे असल्या पुळणी आतल्या बाजूला. किल्ले बांधणाऱ्यांनी जिथे लाट सगळ्यात जास्त मारते नेमकी तीच जागा निवडली, कारण तिथूनच दूरवर दिसतं. त्या दगडी तटांनी शेकडो पावसाळे खाल्लेत.

हिशोबाने बघितलं तर टोकं झिजून आणि खोलगट भाग भरून किनारा एव्हाना सरळ व्हायला पाहिजे होता. झाला नाही, कारण समुद्राने मधेच पाटी पुसली. शेवटच्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, पाणी आत्तापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होतं, म्हणजे किनारा कितीतरी पश्चिमेला. मग बर्फ वितळला, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला येऊन थबकलं. नद्यांच्या दऱ्या बुडाल्या, त्या आजच्या खाड्या, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी. सहा-सात हजार वर्षं म्हणजे बेसॉल्टसाठी काहीच नाही ओ, समुद्राने आत्ता कुठे कामाला हात घातलाय.

वाळूचं मात्र तसं नाही, वाळू दर वर्षी हलते. बहुतेक लोक कोकणात जातात दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात, आणि त्यांना वाटतं पुळण ही अशीच असते. पुळण बघायची तर ऑगस्टमध्ये बघा. पावसाळ्यातल्या उंच आणि लागोपाठ येणाऱ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली किनाऱ्याला समांतर तिचा दांडा करून ठेवतात. पुळण अरुंद आणि खोल झालेली, उन्हाळ्यात गाडलेले खडक उघडे, सुरूच्या झाडांची मुळं लोंबकळत. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं सगळं गेलं. पण नारळी पौर्णिमा होऊन दर्या निवायला लागला की लांबून येणाऱ्या संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत वर आणतात. आणि तो पाण्याखालचा दांडा नुसता पडून नसतो, पुढची मोठी लाट त्याच्यावरच फुटते आणि किनारा वाचतो. म्हणजे वाळू पावसाळ्यात 'वाहून गेली' असं आपण म्हणतो तेव्हा ती ड्यूटीवर गेलेली असते.

दुसरी हालचाल किनाऱ्याच्या लांबीने. लाट सहसा तिरकी येते, वाळूचा कण तिरका वर चढतो, आणि परतताना पाणी सरळ उताराने खाली येतं. परत तिरकं वर, परत सरळ खाली. आमच्या सोलापुरात ज्याने यंत्रमागावर धोटा पळताना बघितलाय त्याला हे एका झटक्यात कळेल, धोटा नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे करतो, आणि कापड मात्र पुढे पुढे सरकत राहतं. कोकणात टोकं मधे येत असल्याने हे कापड फार लांब जात नाही, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. पण तामिळनाडू-आंध्रकडचा किनारा सरळ, तिथे वाळू वर्षभरात लांबचा पल्ला गाठते.

तिथे मधेच कोणी भिंत घातली की काय होतं त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण चेन्नई. 1870-80 च्या काळात तिथे समुद्रात दगडी बांध घालून बंदर बांधायला घेतलं. वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी, ती बांधाला अडली आणि दक्षिणेला साठत गेली, साठत गेली, तीच आजची प्रचंड रुंद मरीना पुळण, जिथे लोक संध्याकाळी सुंडल खात बसतात. आणि बंदराच्या उत्तरेला रोयापुरम, तिथे जाणारी वाळूच बंद झाली आणि समुद्र घरं खात सुटला. एकाला फुकट मैदान, दुसऱ्याच्या दारात दगडांची भिंत, काम एकच. पाँडिचेरीला पण 1980 च्या दशकात बंदराचे बांध झाले आणि शहरासमोरची पुळण गेली.

आपल्याकडे वाळूच्या जमावाचं सगळ्यात धडकी भरवणारं रूप म्हणजे तारकर्लीच्या पुढचं देवबाग. मालवणवरून निघालो की रस्ता एका दांड्यावर जातो, उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी. नदी समुद्राजवळ येऊनही लगेच भेटत नाही, त्याला समांतर वाहत राहते, कारण मधे ह्या वाळूच्या दांड्याने तिची वाट अडवलीय. दांड्यावर माड, घरं, होमस्टे, शाळा, देवळं, अख्खा गाव. काही ठिकाणी तो इतका चिंचोळा की एकाच घराच्या मागच्या दारात नदीची होडी आणि पुढच्या दारात समुद्राची लाट. सगळ्या टोकाला संगम, तिथे पाण्यातून वर आलेला वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला 'सुनामी आयलंड' म्हणतात, 2004 च्या सुनामीनंतर तो वर आला असं होडीवाले सांगतात. तिथे आता वॉटर स्पोर्ट्स आणि भजी. वाळूच्या कालपरवाच्या ढिगाऱ्यावर टेबलं टाकून धंदा, हे धाडस फक्त कोकणी माणूसच करू जाणे.

देवबागात आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते काका म्हणाले, "दर्यान घेतल्यान तर दर्याच देतलो, पण आता घेता जास्त आणि देता कमी." पुढे समुद्राच्या बाजूला त्यांनी दाखवला धूपप्रतिबंधक बंधारा, काळ्या दगडांचा, काही दगड ढासळून वाळूत रुतलेले. बंधाऱ्याचा घोळ असा की पुळणीच्या उतारावर लाट पसरून विरते, दगडी भिंतीवर आपटून ती जोरात मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. पुळण गेली की पाया उघडा, पाया उघडा की दगड खाली, मग परत दगड आणा. माझं मत विचाराल तर भिंत हा उपाय घर वाचवण्यापुरता ठीक आहे, दारात समुद्र आलेल्या माणसाला आपण सोलापुरात बसून शास्त्र शिकवू नये. पण अख्खा किनारा भिंतीने वाचेल असं म्हणणं म्हणजे फसवणूक. वाळूच्या मागच्या टेकड्या, त्यावर पसरलेली मर्यादवेल, केवडा, हे सपाट करून आपणच रिसॉर्टचे लॉन लावले, आणि अडीअडचणीला लागणारी वाळू तिथेच साठवलेली होती.

भारतातला किती किनारा झिजतोय ह्याचा आकडा पण आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 मधले उपग्रहाचे फोटो ताडून बघितले, मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी साधारण 33 टक्के झिजतोय, 27 टक्के वाढतोय, बाकी जागेवर. हा वाढणारा 27 टक्के कोणी सांगत नाही, बातमी नेहमी झिजण्याचीच होते. आणि किनाऱ्याची लांबी, ती तर अजून मजेशीर. वर्षानुवर्षं पुस्तकात भारताचा किनारा 7,516 किलोमीटर, आता सरकारी आकडा झाला 11,098 किलोमीटर. इंचभर जमीन न वाढता. आधी लहान प्रमाणाच्या ढोबळ नकाशावर मोजलेला, आता बारीक नकाशावर मोजला, त्यामुळे प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण धरलं गेलं. अजून बारीक मोजला तर अजून वाढेल.

पण मला मुळात वेड लागलं ते चुंबकामुळे. लहानपणी कुठे बांधकाम चालू असलं की आम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून वाळूच्या ढिगाऱ्यातून ओढायचो, त्याला काळे केसाळ कण चिकटायचे, ते कागदावर ठेवून खालून चुंबक फिरवायचा. सोलापुरातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाने हे केलं असणार. तेच चुंबक रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूत घातलं तर तेच काळे कण, फक्त भरपूर. बेसॉल्ट झिजला की त्यातलं मॅग्नेटाइट, इल्मेनाइट सुटतं, हे कण जड, लाट हलकी वाळू उचलून नेते आणि जड तिथेच टाकते, म्हणून पुळणीवर काळे पट्टे उमटतात. भीमेच्या वाळूत तेच कण विखुरलेले असतात. त्या दिवशी मांडवीला बसल्या बसल्या डोक्यात आलं की मग भीमेची वाळू कुठल्या समुद्राला जाते?

अरबी समुद्राला नाही. भीमा उगवते भीमाशंकरला, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटर पण नाही, पण सह्याद्रीचा कडा पश्चिमेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून बाई तोंड फिरवून निघते ती पंढरपूर करत रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यांच्या मुखाशी खाड्या. पूर्वेला लांबच्या नद्या, सावकाश गाळ आणणाऱ्या, तिथे त्रिभुज प्रदेश. विजयवाड्याच्या खाली कृष्णेचा तो हिरवागार भातखाचरांचा प्रदेश आहे ना, त्यात आपल्या रानातली काळी माती आहे. पिढ्यानपिढ्या नांगरलेली, पहिल्या पावसात ओढ्याला गेलेली.

आणि त्रिभुज प्रदेशाला हा रतीब रोज लागतो. चिखल स्वतःच्याच वजनाने दबत जातो, जमीन खाली बसते, वरून नवीन थर पडत राहिला तरच ती समुद्राच्या वर टिकते. 1980 ला उजनी झालं. वाहतं पाणी धरणात येऊन थांबलं की हातातलं सगळं खाली सोडतं, पुढे जातं ते निवळलेलं पाणी. खाली श्रीशैलम, नागार्जुनसागर, प्रकाशम बॅरेज, प्रत्येकाने आपापला वाटा ठेवून घेतला. कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ प्रचंड कमी झाला आणि तिथला किनारा बऱ्याच जागी मागे हटतोय. दर उन्हाळ्यात आपल्याकडे चर्चा होते, उजनीत गाळ किती साठला, तो काढायचा कसा, काढला तर किती टीएमसी वाढेल. तो गाळ कोणाच्या तरी किनाऱ्याचा आहे हे त्या चर्चेत मी एकदाही ऐकलं नाही. मी काही धरणविरोधी नाही हां, उजनी नसती तर सोलापूर कधीच उठलं असतं, ऊस नसता, आणि मी हे लिहायला बसलोच नसतो. पण हिशोब तर मांडा.

धरणाच्या खाली जी थोडीफार वाळू उरते तिची व्यवस्था रात्रीचे टिपर करतात. भीमा, सीना, कुठेही जा, पात्रात खड्डे. चंद्रभागेच्या वाळवंटाची कथा वारकऱ्यांना विचारा.

मागच्या वर्षी आमच्या घराचा वरचा मजला काढला. मिस्त्री म्हणाला, नदीची वाळू सांगू का, रात्री येईल, रेट जास्त आहे पण प्लास्टर लोण्यागत होतंय बघा. मी क्रश सँड सांगितली, खडीच्या क्रशरवरची. तो कण हातात घेतला तर टोचतो, कोन शाबूत असतात, कारण तो कुठे गेलाच नाही, कुठे लोळला नाही. मिस्त्री तीन दिवस कुरकुरला, थापी घसटतीय म्हणे, फिनिशिंग येत नाही, दोन पोती तरी नदीची आणू का वरच्या हाताला? मी म्हणलं नको. अजून त्या भिंतीला पाठ टेकली की शर्टाचे धागे निघतात, आणि घरातले सगळे मलाच बोलतात.